डाव्या हाताची कडी

ताल, बातांगास
४ सप्टेंबर १९७८

चि. एर्लिंदा हिस,

पार्सल शनिवारी दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: अमेरिकन साबणाच्या वड्या तीन, उन्हानं वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटचा पुडा एक, निळं छिटाचं कापड दोन वार, तुझ्या क्लारितासाठी बूट एक जोड, आणि न्हाणीच्या टॉवेलात गुंडाळलेला चाकू. बसच्या कंडक्टरनं आणून दिल्याचे तीन पेसो घेतले. मी दीड पुढं केला, तर म्हणतो, "आजी, टॉवेलात काय आहे ते माझ्या बोटांना कळलं. नाक्यावर शिपायांनी झोळी उघडायला लावली असती तर काय सांगणार होतो, पाव आहे म्हणून?" मार्शल लॉ लागून सहा वर्षं झाली, बाहेर बालिसोंग, असला दोन मुठींचा घडीचा चाकू, बाळगला तर आत टाकतात, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. दीड पेसो तुझ्या नावे मांडून ठेवला आहे.

बूट क्लारिताला होत नाहीत. तिनं बळंच पाय घातला, टाच बाहेर राहिली, तरी काढायला तयार होईना. पोरांचे पाय वाढतात. रोज बघणाऱ्याला ते कळतं.

आता चाकूविषयी. तू लिहितेस की तिकडं ओलोंगापोत कुणी अमेरिकन नाविक आहे, त्याला हातानं केलेले असले चाकू जमवायचा नाद आहे, आणि हा तालचाच, यांच्या म्हणजे निकोमेदेस मारासिगानच्या हातचा, असं करणाऱ्यानं लिहून दिलं तर तो भरपूर पैसे मोजील. त्या पैशांत तुला खोली घ्यायची आहे. मी तुला शब्द दिला आहे तो मी विसरलेले नाही: स्वतःची खोली, दाराला कुलूप, शाळेची फी हातात, मग क्लारिताला घेऊन जा. माझा शब्द देवासमोरचा असतो.

म्हणून मी चाकू नीट तपासला. तीस वर्षं या माणसाच्या भट्टीशेजारी चूल पेटवली आहे, मला त्यातलं कळतं. पातं जीपच्या जुन्या स्प्रिंगपाट्याचं आहे, ते इथं सगळ्यांचंच असतं. मुठीला शिंग आहे. सुई तापवून टोचली, जळक्या केसांचा वास आला, म्हणजे प्लास्टिक नव्हे, रेड्याचंच. मधल्या पितळी पट्ट्या ठीक. शिंग मात्र छान घोटलेलं आहे, ते काम कुणा बाईचं असणार, पुरुषांना इतका धीर नसतो. पण मोठा दोष असा की कडी भलत्याच मुठीला लावली आहे. उजव्या हातानं उघडायला गेलं की ती बोटांत येते. शिकाऊ पोराच्या हातून होते ती चूक. असा माल तिकडं अमेरिकन तळाच्या फाटकाजवळ टोपलीत टाकून विकतात.

यांनाही दाखवला. यांनी हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, मांडीवर ठेवला. एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हा तूच काय ते समज.

माझ्या मते किंमत साठ पेसो. तीही शिंगासाठी.

क्लारिता आता उजव्या हातानं लिहायला लागली आहे. डाव्याला मी भरतकामातली उरलेली फीत बांधते. रडते, पण लिहिते.

तुझी सासू,
एस्कोलास्तिका

•

ताल
३० सप्टेंबर १९७८

चि. एर्लिंदा हिस,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. दोन्ही बाजूंनी लिहिलं असतंस तर दोनात मावलं असतं.

तू लिहितेस, "इनाय, ती चूक नाही. सेमो डावखुरा होता, म्हणून बाबांनी त्याच्यासाठी कडी मुद्दाम तशी लावली. लग्नाच्या दिवशी त्यांनी चाकू त्याच्या हातात दिला तेव्हा मी शेजारी उभी होते."

माझा आन्सेल्मो डावखुरा नव्हता. लहानपणी होती सवय, ती मी मोडली. जेवताना डावा हात बाकाच्या पायाला बांधत होते, वर्षभर. पहिल्या कम्युनियनला त्यानं उजव्या हातानं मेणबत्ती धरली, सगळ्या गावानं पाहिलं. माझ्या पोटचं मूल मला ठाऊक की दोन वर्षं त्याच्याबरोबर राहिलेल्या तुला? आणि ती दोन वर्षंही तू त्याला कुठं ठेवलंस? "इथं पोट भरत नाही, तिकडं गोदीत काम आहे," म्हणून घेऊन गेलीस. जहाजाला रंग लावताना परांचीवरून पडला तो कुठल्या हातानं दोर धरत होता, ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. रोज एक रोझरी त्याच्या नावे म्हणते, एक तुझ्या नावे.

तू असंही विचारतेस की बाबा स्वतः का लिहीत नाहीत. पवित्र आठवड्यात यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तुला कळवलं नाही, कारण कळवून तू काय करणार होतीस? येण्याजाण्याचा खर्च मात्र झाला असता. तेव्हा गेल्या खेपेला यांनी शब्द काढला नाही असं लिहिलं ते अक्षरशः खरं होतं, मी खोटं लिहीत नाही.

एक तक्रार आहे. चाकू मी कपाटात ठेवला होता, यांनी खुणा करकरून तो मागून घेतला. परवा अंगणात आले तर हे खुर्चीत, क्लारिता यांच्या पायाशी, आणि यांच्या डाव्या हातात चाकू उघडतोय मिटतोय. मग तिनं घेतला. फीत सोडून, डाव्या हातात. खट् खट् करून तीन हेलकाव्यांत उघडला आणि मला हाक मारून ओरडली, "लोला, बघा! याची कडी बरोब्बर बाजूला आहे!" हे हसत होते. अर्धंच तोंड हसतं आता, ते बघवत नाही. मी दोघांकडून चाकू काढून घेतला. पोरीला ही खोड तुझ्याकडची आली असणार, आमच्या घराण्यात नाही. या घरात आता धड असा एकच उजवा हात उरला आहे, तो माझा.

तू चाकू परत मागतेस. सध्या कसा पाठवू? लेमेरीच्या नाक्यावर बसमधल्या पिशव्या उलट्या करतात. शिवाय तुझा तो नाविक. एर्लिंदा, जुन्या चाकूसाठी एवढे पैसे कुणी देत नाही. त्याला काय विकत घ्यायचं आहे ते तू विधवा बाई आहेस, तुला कळायला हवं. मी इथं कुणाला काही बोललेले नाही. क्लारितालाही नाही.

माझं ऐक. घरमालकीण दाराशी येऊन बसते म्हणतेस, तर साठ पेसोंची मनीऑर्डर आजच केली आहे. चाकू मुलाची आठवण म्हणून घरात राहील. सोबत एक चिठ्ठी आहे, "चाकूचे पूर्ण पैसे पोचले" एवढंच, तिच्यावर सही करून धाड. परक्यासारखं वाटून घेऊ नकोस, माझ्या हिशेबाला कागद लागतो, हे तू जाणतेस.

खाली क्लारितानं एक ओळ लिहिली आहे. उजव्या हातानं.

तुझी सासू,
एस्कोलास्तिका

*आई मी चांगली आहे. तू मोठे बूट आणशील का*

•

ताल
१२ नोव्हेंबर १९७८

चि. एर्लिंदा हिस,

सही केलेली चिठ्ठी पोचली. आभारी आहे. साठ पेसोंनी भाडं भागलं, देवाची कृपा.

काल सान मार्तिनचा सण झाला. भर उन्हात मिरवणुकीबरोबर चालले, परत येऊन पाहुण्यांना तापाचं खारं मांस आणि भात वाढला. तांदूळ महागला आहे. मनिलाहून एक गृहस्थ आले होते, कुयुगान नावाचे, जुन्या वस्तूंचं दुकान आहे त्यांचं. का सांगते आहे तर पाहुणे बरेच होते, म्हणून लिहायला उशीर झाला.

तू लिहितेस, इस्त्रीच्या दुकानात मालकिणीनं तुला कायम केलं, आणि तिच्याच मागच्या अंगणात खोली मिळाली आहे. दाराला कुलूप आहे, एक खिडकी आहे, क्लारितासाठी दुसरी थाळी आणि उशी घेतलीस. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायचं राहिलं आहे, ते जमलं की नाताळात येऊन तिला नेशील.

वाचून आनंद वाटला. पण फीचं काय? मी शब्द दिला तो खोली *आणि* फी असा होता. घाई करू नकोस. डिसेंबरच्या आठ तारखेला मातेचा सण आहे, तोवर तर मुळीच येऊ नकोस, क्लारिता मिरवणुकीत देवदूत होणार आहे. आई दिसली की तिचं लक्ष उडेल. मी तिला तू येणार असल्याचं सांगितलेलं नाही, उगाच बसथांब्यावर जाऊन बसायची.

तसं ती शनिवारी जाऊन बसतेच. कंडक्टर ओळखतो आता. "नाही गं बाई, आज पाव आला नाही," म्हणून चेष्टा करतो.

तुझी सासू,
एस्कोलास्तिका

•

ताल
१० डिसेंबर १९७८

चि. एर्लिंदा हिस,

सण नीट पार पडला. क्लारिता देवदूत शोभली. पंख मी जुन्या अबाकाच्या कापडाचे केले, नवीन खर्च नाही. मेणबत्ती उजव्या हातात धरली होती. तिच्या बापासारखीच.

आता तुला एक गोष्ट कळवायची आहे. ती तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकावीस, म्हणजे तिखटमीठ लागणार नाही.

चाकू मी विकला.

कुयुगान सान मार्तिनच्या सणाला आला होता तो त्यासाठीच. पलीकडच्या सिल्वेरिओला तू ओळखतेस, यांच्याच हाताखाली शिकलेला. सप्टेंबरात तो कॉफी प्यायला आला आणि चाकू बघून ओरडला, "अगं वहिनी, हा तर सेमोचा! आणि तू याला टोपलीतला माल म्हणतेस? कडी चुकलेली नाही, तू तो चुकीच्या हातात धरला आहेस." मी म्हटलं, "सिलो, कॉफी संपव आणि घरी जा." पण तो तोंडाचा फाटका, त्यानं मनिलाला कळवलं. हे होणारच होतं.

तू म्हणशील, मला आधीपासून ठाऊक होतं. होतंच. तुझा टॉवेल उलगडला त्याच क्षणी. मुठीचं ते शिंग मी घोटलं होतं, इस-इसच्या खरखरीत पानांनी, आन्सेल्मोच्या लग्नाच्या आधी, लेन्टच्या उपवासाचे सबंध चाळीस दिवस. चाकू कुणासाठी आहे ते यांनी सांगितलं होतं, कडीचं मात्र लपवलं. मी घोटून दिल्यावर लावली. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्यापासून लपवलेली ती एकच गोष्ट, आणि ती यांनी मुलाच्या हातात ठेवली, सगळ्यांसमोर, आणि तो चाकू मुलानं डाव्या हातानं उघडला. तू शेजारी उभी होतीस म्हणतेस. मी समोर उभी होते.

साठ पेसो ही किंमत मी सांगितली, ती तुझ्यासाठीची किंमत होती. बाजारात दोन माणसं एका मासळीचे वेगवेगळे पैसे देतात, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. तू घेतलेस, सही केलीस.

कुयुगान मोठा बारकाईचा माणूस. भिंग लावून पिना बघितल्या. त्यांची डोकी एकसारखी नाहीत, हातोडीनं ठोकलेली आहेत. पातं नखानं वाजवून कानाशी धरलं. उघडून लांबी मोजली, ठरलेली एकोणतीस सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. आणि कडीवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, मारासिगानच्या हातचे चाकू माझ्याकडं आणखी आहेत. असा एकही नाही. मुद्दाम केला असेल तर तिप्पट देतो. चूक असेल तर अर्धे. मला ते करणाऱ्याकडून हवं. कागदावर त्यांचा अंगठा."

मी यांना कागद दाखवला. यांनी डावी मूठ आवळली. समजावलं, मातेची शपथ घातली. बोटं मी एकेक करून सोडवायला गेले, तर या अंगात एवढं बळ कुठून येतं कोण जाणे. कुयुगान घड्याळ बघायला लागला. तेव्हा मी सांगितलं. मोठ्यानं, यांना ऐकू जाईल असं. "मुद्दामच केला आहे, साहेब. माझा मुलगा डावखुरा होता."

पहिल्यांदाच म्हटलं ते मी. यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मूठ आपोआप उघडली. अंगठा यांनी स्वतः पुढं केला. शाई लावताना माझ्या हातावरून हात फिरवत होते. यांना वाटलं, मी ते यांना सांगितलं.

मग कुयुगाननं चाकू कागदात गुंडाळून पिशवीत टाकला, तेव्हा यांच्या ध्यानात आलं. खुर्चीतून उठायला गेले ते जमिनीवरच आले. सिलोनं उचललं. तेव्हापासून माझ्याकडं पाठ करून बसतात. माझ्या हातचा घास घेत नाहीत, क्लारिता भरवते तेवढंच जेवतात. ती गेली की हेही सुटेल. भूक लागली की माणूस कुणाच्याही हातून जेवतं.

चोवीसशे पेसो आले. अंगाला एक लावलेला नाही. पंचवीस मातेच्या पेटीत टाकले, बाकी सगळे लिपाच्या सिस्टर्सकडं भरले. क्लारिताला जानेवारीपासून वसतिगृहात घेतलं आहे, मॅट्रिक होईपर्यंत. मी मॅट्रिक झाले म्हणून आज चार माणसांत मान वर करून हिशेब सांगते. तीही होईल. मदर सुपिरियरना हाताचं सांगितलं. त्या म्हणाल्या, काळजी नको, दोन महिन्यांत सुटतं.

तर फी झाली. मी शब्द दिला होता त्यातली एक बाजू तुझ्याच चाकूनं पुरी झाली, तेव्हा तू दुःख करू नयेस. खोलीची गरज मात्र उरली नाही. दुसरी थाळी वापरली नसशील तर दुकानदार परत घेतो का, विचार.

सिस्टर्सना एक कागद लागतो. आईची संमती की पोरीचे पालक यापुढं आम्ही दोघं. नोटरीनं लिहून दिला आहे, यांचा अंगठा त्याच दिवशी घेतला, शाई ओली होती तोवर. फक्त तुझी सही राहिली. तू रागात ती करणार नाहीस हे मी धरून चालते, म्हणून सांगते: भरलेले पैसे सिस्टर्स परत देत नाहीत. जागा गेली तर पैसेही गेले, आणि चाकू तर गेलेलाच आहे. मग तुझ्या नवऱ्याची ती वस्तू नुसती वाया गेली असं होईल. ते तुझ्या हातून व्हावं असं मला वाटत नाही. इथं येऊन आरडाओरडा करायचा विचार असेल तर पावती माझ्याकडं आहे. आणि ओलोंगापोत विधवा बाईला अमेरिकन नाविक पैसे का देतो, हे मला फादरना विचारावं लागेल. मी अजून विचारलेलं नाही.

क्लारितानं काल विचारलं, "लोला, बाबांचा चाकू कुठं आहे?" मी तिला खोटं सांगत नाही.

"तुझ्या आईनं विकला."

"कितीला?"

"साठ पेसोंना. तिची सही आहे, दाखवू?"

सही दाखवली. तिनं तुझं नाव बोटानं गिरवलं. डाव्या हाताच्या, मी बघत होते. मग म्हणाली, "साठ पेसो म्हणजे खूप असतात का?"

मी म्हटलं, "एका बुटाच्या जोडाएवढे."

संध्याकाळी तुझे बूट तिनं आपणहून आणून दिले, देवळातल्या गरिबांसाठी. काल शनिवार होता, बसथांब्यावर गेली नाही.

कागद सोबत आहे. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली केली आहे, शाईनं कर. पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीटही घातलं आहे, तुला खर्च पडू नये. सिस्टर्सना कागद नाताळाच्या आत हवा, तेव्हा सही केल्याचं उलट टपाली कळव.

तुझी सासू,
एस्कोलास्तिका मारासिगान